रेक्टिफायर एकटा तपासू नका

एप्रिल १९९५ मध्ये झुरिच परिसरात स्विस रेल्वेची आधुनिक इंजिने एकाएकी बंद पडली. इंजिने धडधाकट होती, ओव्हरहेड तारही शाबूत होती. पण तारेच्या जाळ्याचा अनुनाद आणि इंजिनांतल्या रेक्टिफायरचे नियंत्रण एकमेकांना खतपाणी घालत राहिले, हार्मोनिक्स वाढत गेले आणि शेवटी संरक्षण यंत्रणेने इंजिने बंद केली. त्यानंतर नव्या इंजिनांना तिथे अट पडली: ठरावीक वारंवारतेच्या वर इंजिनाने जाळ्यातली आंदोलने शोषून घ्यावीत, त्यांत भर घालू नये.

हाच आजार मी एका कारखान्यात जवळून पाहिला. ग्रिडवर यूपीएस शांत चाले. वीज गेली की डिझेल जनरेटर (डीजी सेट) सुरू होई, भार चढे आणि इंजिनाचा आवाज वर-खाली होऊ लागे. ऑसिलोस्कोपवर इनपुट करंटची लाट फुगे, आकसे, पुन्हा फुगे. मग यूपीएस बॅटरीवर जाई, थोड्या वेळाने परत जनरेटरवर येई, की पुन्हा तेच. जनरेटरवाले यूपीएसकडे बोट दाखवीत, यूपीएसवाले जनरेटरकडे. दोघांचेही चाचणी अहवाल चोख होते.

दोष जोडीत होता.

यूपीएसमधल्या रेक्टिफायरचे नियंत्रण पुढच्या भाराची शक्ती कायम राखते. त्यामुळे पुरवठ्याचे व्होल्टेज घसरले की तो जास्त करंट ओढतो आणि व्होल्टेज आणखी घसरते. पुरवठ्याच्या बाजूने पाहिले तर हा ऋण रोध. डीसी पुरवठ्यावर त्याचा आकडा म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले शक्ती. ४०० व्होल्टवर २ किलोवॅटला ८० ओहम, ४ किलोवॅटला फक्त ४०. म्हणजे धोका पूर्ण भारावर जास्त. पुरवठ्याचा इम्पिडन्स कन्व्हर्टरच्या इनपुट इम्पिडन्सहून सर्व वारंवारतांवर बराच कमी ठेवावा, हा निकष आर. डी. मिडलब्रूक यांनी १९७६ मध्येच मांडला. एसी बाजूला गणित डी आणि क्यू अशा दोन अक्षांवर करावे लागते, विचार तोच.

त्या कारखान्यात रेक्टिफायरचे पीएलएल (पुरवठ्याच्या फेजशी जुळवून घेणारा लूप) आणि व्होल्टेज लूप मंद केले, भार टप्प्याटप्प्याने चढवला, तेव्हा डुलणे थांबले.

म्हणून मॉडेलमध्ये आदर्श स्रोत जोडून समाधान मानू नये. केबल, ट्रान्सफॉर्मर, इनपुट फिल्टर आणि जनरेटरचा व्होल्टेज रेग्युलेटर, सगळे त्यात यायला हवे. फिल्टरचा अनुनाद दाबायला रोध आणि कपॅसिटरची डॅम्पिंग शाखा द्यावी. लूप चपळ करण्याचा मोहही आवरावा. ५० हर्ट्झच्या सिंगल फेज पुरवठ्यावर डीसी बसवर १०० हर्ट्झची रिपल असतेच, आणि व्होल्टेज लूप तिच्यामागे धावला तर इनपुट करंटचा आकार बिघडतो. म्हणून पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या रेक्टिफायरमध्ये हा लूप साधारण १० ते २० हर्ट्झवर ठेवतात.

आणि यूपीएसची ऑर्डर देताना एक अट लेखी घ्याच: अंतिम चाचणी पूर्ण भारावर, साइटवरच्याच डीजी सेटसह होईल.