बोटांनी वाचायचे गणित

एक गंमत करून पाहा. शेजारच्या मित्राला डोळे मिटायला सांगा आणि हे उदाहरण एकदाच वाचून दाखवा : ‘सहा अधिक चार भागिले दोन.’ कोणी आठ सांगेल, कोणी पाच. फळ्यावर रेघ फक्त चारखाली असेल तर आठ बरोबर; सहा आणि चार या दोहोंखाली असेल तर पाच. म्हणजे उत्तर ठरवते ती रेघेची लांबी, आणि ती काही ऐकू येत नाही!

छापील गणित कागदावर वर-खाली पसरलेले असते. घात वर, छेद खाली. ब्रेल मात्र एका ओळीत बोटाखालून सरकते. ही वर-खालीची माहिती एका ओळीत बसवायची कशी?

लुई ब्रेलने १८२९ साली प्रसिद्ध केलेल्या लिपीत एका घरात सहा बिंदूंच्या जागा असतात : डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. प्रत्येक जागी उठावाचा बिंदू असेल किंवा नसेल. म्हणून दोनचा सहावा घात, ६४; कोरे घर वगळता चिन्हे ६३. एवढ्यात अक्षरे, विरामचिन्हे, अंक सारे बसवायचे. म्हणून अंकांना अक्षरेच उसनी दिली. १९५१ साली स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये अंकचिन्हानंतर ‘अ’ आला की तो १, ‘ब’ आला की २. साल लिहायला हे ठीक. पण बीजगणितातले ‘२ब’ लिहिले तर बोटाला २२ वाटेल!

यावर तोड काढली ती जन्मांध अमेरिकन गणिती अब्राहम नेमेथ (१९१८–२०१३) यांनी. त्यांचा संकेत १९५२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी अंकांचे आकार तेच ठेवले, पण घरात एक पायरी खाली उतरवले. मग ‘२’ आणि ‘ब’ यांची गल्लत होत नाही. घातासाठी ‘वर जा’ असे चिन्ह (बिंदू ४, ५) आणि ‘मूळ ओळीवर या’ असे दुसरे (केवळ बिंदू ५). आता ‘क्षचा वर्ग अधिक तीन’ लिहिताना वर्गानंतरचा तो एकटा बिंदू राहून गेला, तर अर्थ होतो ‘क्षचा दोन अधिक तीनवा घात’. क्ष = २ घेऊन पाहा : पहिल्याचे उत्तर ७, दुसऱ्याचे ३२. म्हणून गणिताच्या ब्रेल पुस्तकाची मुद्रिते गणित जाणणाऱ्यानेच तपासावीत, असे माझे मत आहे.

अपूर्णांकालाही आरंभाचे, रेघेचे आणि शेवटाचे चिन्ह असते. शिक्षकांना हीच युक्ती तोंडी वापरता येईल : ‘अपूर्णांक सुरू, सहा अधिक चार, छेद दोन, अपूर्णांक समाप्त.’ नेमेथ यांनीही आपल्याला वाचून दाखवणाऱ्यांसाठी असेच नियम घालून दिले होते.

याची गरज आता केवळ अंधशाळांपुरती नाही. इंदापूर तालुक्यातील कळससारख्या गावच्या अंध मुलाला पूर्वी पुण्या-मुंबईच्या अंधशाळेखेरीज फारसा मार्ग नसे. पुण्याची ‘पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड’ १९३४ सालची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत विनामूल्य शिकण्याचा हक्क दिला. पुस्तके व साधनेही विनामूल्य मिळायची आहेत. तेव्हा तो उद्या तुमच्याच बाकावर बसेल.

त्याची आकडेमोड कशी चालते? ब्रेल पाटीवर टोचणीने लिहिताना बिंदू कागदाच्या मागे उठतात, म्हणून उजवीकडून डावीकडे उलटे लिहावे लागते, आणि लिहिलेले वाचायला कागद काढून उलटवावा लागतो. तीन अंकी गुणाकार असा करून पाहा! त्यासाठी टेलर फ्रेम असते. तिच्या अष्टकोनी भोकांत धातूचा चौकोनी खिळा आठ दिशांनी बसतो. त्याच्या एका टोकाला उठावाची रेघ, दुसऱ्याला दोन टोके; आठ दुणे सोळा चिन्हे. अंक एकाखाली एक राहतात आणि चुकलेला खिळा उपटून फिरवता येतो.

भूमितीच्या आकृतीसाठी पुठ्ठ्यावर डिंकाने सुतळी चिकटवा, कोनांची नावे ब्रेलमध्ये द्या. मात्र घनाची आकृती चिकटवत बसू नका. मागच्या कडा तिरप्या काढून खोली दाखवणे ही डोळ्यांची समजूत आहे, बोटांना ती ठाऊक नाही. त्याच्या हाती खडूचे रिकामे खोके द्या आणि कडा मोजायला सांगा.