वृद्धांचा साठा आणि आपले कर्तव्य



शिक्षण, व्यसनमुक्ती, विवाहातील अनाठायी खर्च अशा विषयांवर आपल्या समाजात नेहमी बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. या लेखासाठी आम्ही घेतलेला विषय मात्र वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. आपल्या घरातील वडीलधारी माणसे जुन्या वस्तू टाकू देत नाहीत, घरात पाय ठेवायला जागा उरत नाही आणि त्यावरून मुलगा-आई, सून-सासू यांच्यात कायमचा दुरावा येतो. हा प्रश्न आज घरोघरी आहे.

मुंबईत तर तो अधिकच तीव्र झाला आहे. बीडीडी चाळींत आपल्या समाजाची अनेक कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहिली. खोली १६० चौरस फुटांची आणि त्यातच पोटमाळा. आता या चाळींचा पुनर्विकास चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. खोली रिकामी करण्याची वेळ आली की चाळीस वर्षांचे सामान एका दिवसात पोटमाळ्यावरून खाली येते. मुले म्हणतात, "सगळं भंगारात द्या." आई म्हणते, "आधी मला द्या भंगारात."

आमची एक चूक

हा लेख लिहिण्याचा अधिकार आम्हांला एका चुकीतून मिळाला आहे, हे प्रथम कबूल करतो. काही वर्षांपूर्वी वस्तीतील एका मावशींच्या मुलाने आम्हां कार्यकर्त्यांना मदतीला बोलावले. मावशी लग्नाला गावी गेल्या होत्या. खोलीत मोरीपर्यंत जाण्याची वाट नव्हती. बोचकी, तेलाचे डबे, रिकाम्या बाटल्या, रद्दी, मोडके स्टोव्ह यांचा ढीग होता. आम्ही दोन दिवसांत एक टेम्पो भरून सामान काढले, भिंतींना रंग दिला आणि मोठे समाजकार्य केल्याच्या समाधानात घरी गेलो.

मावशी परतल्या आणि उंबऱ्यावरच बसल्या. रडल्या नाहीत, बोलल्याही नाहीत. पुढे कितीतरी दिवस त्या मुलाच्या हातचे पाणीसुद्धा घेत नव्हत्या. वर्षभरात खोली पुन्हा भरली, आणि या वेळी कपाटांना कुलपेही लागली. पुढे नातीच्या जात पडताळणीची वेळ आली तेव्हा कळले, की मावशींच्या सासऱ्यांचा शाळेचा दाखला एका जुन्या डब्यात जपून ठेवलेला होता. तो डबाही टेम्पोतून गेला होता. दुसरा पुरावा मिळवण्यासाठी त्या मुलीला गावची शाळा आणि तहसील कचेरी यांच्या दारी किती खेटे घालावे लागले, ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

या प्रसंगाने आम्हांला एक गोष्ट शिकवली. वृद्धांच्या वस्तूंना हात घालण्यापूर्वी त्या वस्तू का साठल्या, हे समजून घेतले पाहिजे.

साठा का होतो?

आज जे सत्तर-ऐंशी वर्षांचे आहेत, त्यांच्या आईवडिलांचे जीवन आठवा. अंगावर दुसऱ्यांनी टाकलेले कपडे, घरात मातीची भांडी. चांगले नेसण्याची, चांगले भांडे वापरण्याची गावाकडून अनेक ठिकाणी मनाई होती. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले, की अस्पृश्यतेची खूण पटवणारे नेसणे आणि दागिने सोडा, स्वच्छ राहा. त्या उपदेशानंतर जे पहिले पितळी भांडे, जी पहिली पत्र्याची ट्रंक घरात आली, ती केवळ वस्तू नव्हती. ती माणूसपणाची निशाणी होती.

त्यानंतर १९७२ चा दुष्काळ आला. मिलो आणि सुकडी खाऊन, खडी फोडून लोकांनी दिवस काढले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्या काळात कितीतरी घरांतील हंडे-कळश्या एकेक करून मोडीत गेल्या. ज्या बाईने स्वतःच्या हाताने संसाराची भांडी विकून मुलांना जगवले, ती आज प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा घडी करून गादीखाली ठेवते. तिला आपण 'हावरी' म्हणावे काय? तिच्या मनात हाव नाही. पुन्हा तशी वेळ येईल, ही भीती आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर याच पिढीने आणि तिच्या आईवडिलांनी घरातील देव आणि टाक नदीत सोडले. पिढ्यान् पिढ्यांची श्रद्धा त्यांनी सोडून दिली, कारण ती का सोडायची हे त्यांना पटले होते आणि निर्णय त्यांचा स्वतःचा होता. त्याग करण्याची शक्ती आपल्या वडीलधाऱ्यांत नाही असे नाही. बळजबरीने मात्र त्यांच्याकडून काही सुटणार नाही.

धम्म काय सांगतो?

तृष्णा हे दुःखाचे मूळ आहे, हे आपण सर्व जाणतो. परंतु हे वचन सासूच्या तोंडावर फेकण्यासाठी नाही. भगवान बुद्धांनी गृहस्थाला साठवण करू नये असे सांगितलेले नाही. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करण्याचा उपदेश आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग उद्योगधंद्यासाठी आणि चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा, असे तेथे म्हटले आहे. अडीअडचणीसाठी राखणे हा शहाणपणा आहे. त्याच सुत्तात मुलांनी आईवडिलांचा सांभाळ करावा आणि त्यांच्या वारशाला पात्र ठरावे, असेही सांगितले आहे.

मग मर्यादा कोठे? यासाठी विनयपिटकातील भदंत आनंदांची कथा फार बोधप्रद आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. एवढी वस्त्रे एक श्रमण काय करणार, असा प्रश्न राजाला पडला. आनंदांनी उत्तर दिले, की ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटू. जुन्या चीवरांची आच्छादने करू, जुन्या आच्छादनांच्या गादीच्या खोळी, खोळींची जमिनीवरची अंथरणे, त्यांची पायपुसणी, पायपुसण्यांची फडकी आणि शेवटी फडक्यांचे तुकडे चिखलात मिसळून जमीन लिंपू. राजाला हे इतके पटले, की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आपल्या आज्यांनी हेच केले नाही काय? लुगड्याची गोधडी, गोधडीचे पायपुसणे, पायपुसण्याचे पोतेरे. ही आनंदांचीच रीत होय. दोष वस्तू जपण्यात नाही. जे लुगडे गोधडीही झाले नाही, कुणाच्या अंगावरही गेले नाही आणि पंधरा वर्षे बोचक्यात कसर खात पडले, तेथे ही साखळी तुटली. वडीलधाऱ्यांशी बोलताना "टाकून द्या" म्हणण्याऐवजी "हे पुढे कुणाच्या कामी लावू या?" असे विचारावे. दानाची भाषा त्यांना कळते, कारण ती त्यांचीच आहे.

सवय कोणती, आजार कोणता?

सर्वच पसारा एका कारणाने होत नाही. कित्येकदा गुडघे दुखतात, डोळ्यांना दिसत नाही, माळ्यावर चढवत नाही, एवढेच कारण असते. कित्येकदा जोडीदाराच्या निधनानंतर मन खचते आणि आवराआवर थांबते. पूर्वी टापटीप असलेली व्यक्ती म्हातारपणी अचानक कचरा गोळा करू लागली, तर स्मृतिभ्रंशाची शंका घेऊन तपासणी करावी.

याखेरीज साठवणुकीचा एक स्वतंत्र मानसिक विकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात त्याची नोंद आहे. त्यात वस्तूची किंमत काहीही असो, ती दूर करण्याच्या विचारानेच माणूस कासावीस होतो. स्वयंपाकाच्या ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही, पलंगावर झोपता येत नाही. हा विकार बहुधा तरुणपणीच सुरू होतो आणि वयाबरोबर वाढतो. त्यावर समुपदेशनाने हळूहळू उपचार होतो. घर एकदम रिकामे केल्याने तो बरा होत नाही, उलट माणूस दुखावतो आणि घर पुन्हा भरते. अशा वेळी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावे. 'टेली मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा १४५६७ हे क्रमांक विनामूल्य आहेत. मानसोपचार म्हणजे वेड, हा गैरसमज आता तरी आपण सोडला पाहिजे.

काम कसे करावे?

आमच्या अनुभवावरून पुढील रीत सुचवतो.

१. प्रथम सुरक्षितता पाहावी. पलंगापासून मोरी-संडासापर्यंतची वाट, दरवाजा, शेगडी आणि विजेचे मीटर एवढी जागा आधी मोकळी करावी. अडखळून पडल्याने खुब्याचे हाड मोडते आणि म्हातारे माणूस कायमचे अंथरूण धरते, हे कारण सांगितले की बहुतेकांना पटते. पाणी साचणारे डबे आणि टायर डासांमुळे त्याच वेळी काढावेत.

२. वडीलधाऱ्यांच्या गैरहजेरीत काहीही हलवू नये. त्यांना खुर्चीवर बसवावे, वस्तू त्यांच्या हातात द्यावी, निर्णय त्यांनी घ्यावा. आपण फक्त उचलठेव करावी.

३. एका वेळी एकच फळी किंवा एकच बोचके घ्यावे. तासाभराने थांबावे. पावसाळा संपल्यावर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास सुरुवात केली तर बुद्ध पौर्णिमेपर्यंत घर बऱ्यापैकी मोकळे होते.

४. सोप्या वस्तूंपासून आरंभ करावा. दुधाच्या पिशव्या, रद्दी, मुदत संपलेली औषधे आधी. फोटो, पत्रे, गेलेल्या माणसाचे कपडे सर्वांत शेवटी.

५. चार भाग करावेत : ठेवायचे, द्यायचे, टाकायचे आणि नंतर पाहायचे. चौथ्या भागाच्या खोक्यावर तारीख लिहावी.

६. "हे कशाला हवंय?" असे विचारू नये. "आत्या, हा तांब्या कुठून आणला होता?" असे विचारावे. गोष्ट सांगून झाली की पुष्कळदा त्या स्वतःच म्हणतात, "ने आता, सुमीला दे." नातवंडांनी अशा गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात.

७. एक ट्रंक त्यांची स्वतःची राहू द्यावी. तिला कुणी हात लावू नये.

८. प्रत्येक खिसा, प्रत्येक डबा, गोधडीची प्रत्येक घडी तपासावी. पोस्टाचे पासबुक, विम्याची पॉलिसी, सोन्याचे मणी तेथेच सापडतात.

काय कधीही टाकू नये?

अनुसूचित जातीच्या पडताळणीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या पुराव्याला मोठे महत्त्व आहे. धर्मांतरानंतरच्या अनेक दाखल्यांवर केवळ 'बौद्ध' अशी नोंद असल्याने आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, कोतवाल बुकातील नोंदीची नक्कल, जुने खरेदीखत हे कागद नातवंडांच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा आधार ठरतात. खोलीच्या भाडेपावत्या, जुने रेशनकार्ड, गिरणीतील नोकरीची कागदपत्रे, भविष्य निर्वाह निधीचे कागद यांवर घराचा हक्क अवलंबून असू शकतो. हे सर्व वेगळ्या फाईलमध्ये लावून त्यांच्या झेरॉक्स प्रती काढाव्यात.

दुसरी गोष्ट समाजाच्या इतिहासाची. 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' यांचे जुने अंक, सभांची हस्तपत्रके, जलशांच्या वह्या, मोर्चांचे आणि धम्मदीक्षेचे फोटो हे रद्दीच्या भावाने जाऊ नयेत. आपला इतिहास पुष्कळदा पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत आहे. अशी वस्तू सापडली तर विहाराच्या ग्रंथालयाला किंवा अभ्यासकाला दाखवल्याशिवाय हलवू नये.

आपण काय करू शकतो?

प्रत्येक शाखेने दोन-तीन भगिनी आणि दोन-तीन तरुण यांचे एक पथक करावे. त्यांनी टेम्पो घेऊन जाऊ नये, वही घेऊन जावे. विहारात वापरण्याजोग्या कपड्यांसाठी आणि भांड्यांसाठी एक कपाट ठेवावे. देणाऱ्याला आपली वस्तू कुणाकडे गेली, हे आवर्जून सांगावे.

त्या मावशींकडे आम्ही पुढे पुन्हा गेलो. आधी क्षमा मागितली. पहिले तीन महिने फक्त चहा झाला आणि जुन्या गोष्टी झाल्या. एके दिवशी त्यांनी स्वतःच एक बोचके सोडले आणि त्यातली चार लुगडी विहारातील शिवणवर्गाला दिली. मुलींनी त्यांच्या गोधड्या शिवल्या. त्यांपैकी एक मावशींच्याच अंगावर घातली, तेव्हा त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी या. ते डबे बघू."

खोली अजून पूर्ण मोकळी झालेली नाही. पण मोरीपर्यंत वाट झाली आहे, आणि मुलाच्या हातचे पाणी त्या आता घेतात.

नमो बुद्धाय! जय भीम!