संगणकाच्या पडद्यावर चित्र उमटेनासे झाल्यास

वापरलेला घरगुती संगणक शाळेस मिळाला, की काही महिन्यांनी बहुधा एक तक्रार सुरू होते. कळ दाबली की दिवा लागतो, पंखा फिरतो, परंतु पडद्यावर काहीच उमटत नाही. बोलण्यात यालाच ‘डिस्प्ले येत नाही’ असे म्हणतात. मग यंत्रावर कापड पडते, जडसंग्रह नोंदवहीत ‘नादुरुस्त’ असा शेरा येतो आणि यथावकाश निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होतो. प्रत्यक्षात दोष सैल केबलमध्ये किंवा धुळीने माखलेल्या ग्राफिक्स कार्डातही असू शकतो. तेवढ्या कारणासाठी मुले यंत्रास मुकावीत, हे उचित नव्हे. म्हणून असा दोष क्रमाने कसा शोधावा, याचे विवेचन येथे केले आहे. इयत्ता सहावी व सातवीच्या विज्ञानाच्या तासाससुद्धा त्याचा उपयोग होईल.

१. चित्राचा मार्ग

पडद्यावरील चित्र मॉनिटरमध्ये तयार होत नाही. पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग ग्राफिक्स कार्ड आपल्या स्मृतीत साठविते व तो संकेतरूपाने केबलमधून मॉनिटरकडे पाठविते. कार्डास वीज व आज्ञा मदरबोर्डाकडून मिळतात; आज्ञा कशा द्यावयाच्या हे ‘ड्रायव्हर’ नावाच्या प्रणालीस ठाऊक असते. म्हणजे मदरबोर्ड, कार्ड, केबल व मॉनिटर असा हा चार मुक्कामांचा मार्ग आहे. चारांपैकी कोठेही अडथळा आला तरी पडद्यावर परिणाम एकच दिसू शकतो. म्हणून केवळ ‘चित्र नाही’ एवढ्यावरून निदान करू नये. चित्र केव्हा व कसे बिघडते, हे पाहावे. दोषाचे स्थान त्यावरून कळते.

२. प्रथम पथ्ये

पेटी उघडण्यापूर्वी यंत्र बंद करून विजेचा प्लग भिंतीतून काढावा. आतील भागास हात लावण्याआधी पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर साठणारी स्थिरविद्युत् सूक्ष्म भागांस घातक ठरते. जुना, पाठीमागे फुगीर असलेला मॉनिटर कदापि उघडू नये. त्यातील रंगीत चित्रनलिकेस सुमारे २०,००० ते २५,००० व्होल्ट दाब लागतो व प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो. वीजपुरवठ्याचा डबाही उघडू नये. पेटी उघडण्याचे काम शिक्षकांनीच करावे. मुलांनी निरीक्षण करावे व नोंद ठेवावी.

३. दोष केव्हा दिसतो?

(अ) आरंभापासून काहीच दिसत नसल्यास: प्रथम मॉनिटरची परीक्षा घ्यावी. त्याची वीज चालू ठेवून चित्राची केबल संगणकापासून सोडवावी. पुष्कळ सपाट मॉनिटर अशा वेळी ‘नो सिग्नल’ असा किंवा तत्सम मजकूर दाखवितात. तो दिसल्यास मॉनिटर जिवंत आहे असे समजावे. नंतर कीबोर्डावरील ‘नम लॉक’ कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असल्यास संगणक काम करीत आहे आणि दोष चित्राच्या मार्गात आहे.

यानंतर यंत्राची मागील बाजू पाहावी. काही यंत्रांत चित्राच्या केबलसाठी दोन जागा असतात: एक मदरबोर्डाची व दुसरी ग्राफिक्स कार्डाची. कार्ड बसविले असता मदरबोर्डावरील जागा बहुधा आपोआप बंद होते. यंत्र झाडून परत ठेवताना केबल चुकून त्या बंद जागेत लावली गेली, तर सर्व भाग सुस्थितीत असूनही पडदा काळा राहतो.

केबल योग्य जागी असूनही चित्र न आल्यास यंत्राचा आवाज ऐकावा. चालू होताना संगणक स्वतःची तपासणी करतो व दोष आढळल्यास ‘बीप’ असा ध्वनी काढतो. ‘अवॉर्ड’ जातीच्या बायॉसमध्ये एक लांब व दोन आखूड ध्वनी चित्रव्यवस्थेतील दोष दर्शवितात. इतर जातींत हे संकेत भिन्न असतात. म्हणून मदरबोर्डाची पुस्तिका पाहावी. ध्वनी मुळीच न आल्यास आतील छोटा ध्वनिक्षेपक नसण्याचाही संभव असतो.

(आ) चित्र येते, परंतु रंग चुकतात: जुन्या संगणकांतील ‘व्हीजीए’ जोडणी १९८७ साली प्रचारात आली. तिच्यात पाच-पाचच्या तीन ओळींत १५ पिना असतात. पहिली, दुसरी व तिसरी पिन अनुक्रमे तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगाचा संकेत नेते. निळ्याचा मार्ग तुटल्यास पांढरा पडदा पिवळा दिसतो, हिरव्याचा तुटल्यास जांभळट आणि तांबड्याचा तुटल्यास निळसर हिरवा. असे दिसताच केबलच्या टोकाशी वाकलेली पिन शोधावी व चिमट्याने हलकेच सरळ करावी. नवव्या पिनेची जागा मात्र पुष्कळ केबलमध्ये मुळातच रिकामी असते. तिला मोडलेली पिन समजू नये.

(इ) आरंभीची अक्षरे दिसतात, विंडोज सुरू होताच चित्र जाते: येथे कार्ड, केबल व मॉनिटर तिन्ही बहुधा ठीक असतात, दोष मांडणीत किंवा ड्रायव्हरमध्ये असतो. फुगीर मॉनिटर काढून सपाट मॉनिटर जोडला असता हा अनुभव विशेष येतो. पहिला सेकंदास ८५ वेळा चित्र घेत असेल, तर दुसऱ्याची मर्यादा ६० किंवा ७५ ची असू शकते. मग तो ‘आउट ऑफ रेंज’ असे लिहून थांबतो. विंडोज एक्सपी व विंडोज ७ मध्ये यंत्र चालू होताना ‘एफ ८’ कळ दाबत राहिल्यास यादी येते. तीतून ‘सेफ मोड’ निवडावा. त्यात चित्र नीट आले, तर ड्रायव्हर काढून योग्य तो पुन्हा बसवावा व वारंवारता ६० वर आणावी. विंडोज एक्सपीची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी व विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. म्हणून अशी यंत्रे इंटरनेटला न जोडता वापरणे श्रेयस्कर.

(ई) अर्ध्या तासाने चित्र फाटते, ठिपके येतात किंवा यंत्र गोठते: हे तापण्याचे लक्षण होय. कार्डावरील छोटा पंखा फिरतो की नाही, उष्णता वाहून नेणाऱ्या पत्र्यांत धूळ साचली आहे काय, हे पाहावे. ठिपके आरंभीच्या अक्षरांतही दिसत असतील, तर मात्र दोष ड्रायव्हरचा नसून बहुधा कार्डाच्या स्मृतीचा असतो.

४. कार्डाची सफाई

कार्डाचा स्क्रू काढावा, खाचेच्या टोकाशी अडकण असल्यास ती सोडवावी व कार्ड दोन्ही कडांनी धरून सरळ वर उचलावे. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. खाचेत जाणारी सोनेरी पट्टी स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसावी. खोडरबराचा चुरा खाचेत पडू देऊ नये. कार्ड पूर्ण टेकेपर्यंत दाबून बसवावे व स्क्रू आवळावा. कार्डास वीजपुरवठ्याची वेगळी तार लागत असल्यास ती जोडण्यास विसरू नये. मदरबोर्डावरील दंडगोल कंडेन्सरांची टोपणे फुगलेली दिसल्यास पुढील काम कारागिराकडे सोपवावे.

५. कार्ड निकामी ठरल्यास

सफाईनंतरही चित्र न आल्यास आणि मदरबोर्डावर चित्राची जागा असल्यास कार्ड काढून ठेवावे व केबल त्या जागेत लावावी. चित्र आले, की दोष कार्डात होता हे सिद्ध होते. इतकेच नव्हे, तर लेखन, गणित व चित्रकला यांसाठी मदरबोर्डावरील व्यवस्था पुरेशी असल्याने संगणक कार्डावाचूनही वर्गात परत येऊ शकतो. मदरबोर्डावर तशी जागा नसल्यास दुसरे कार्ड लावून पाहावे. १९९७ पासून प्रचारात आलेली ‘एजीपी’ खाच आणि २००४ पासून आलेली ‘पीसीआय एक्स्प्रेस’ खाच भिन्न आहेत. एकीचे कार्ड दुसरीत बसत नाही. म्हणून कार्ड मागविताना जुने कार्ड सोबत न्यावे.

६. वर्गातील उपयोग

दोष शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा नियम सर्वांत महत्त्वाचा. केबल व मॉनिटर एकदम बदलले आणि चित्र आले, तर दोष कोणात होता हे कळत नाही. चांगली वस्तूही टाकून दिली जाते. प्रत्येक बदलानंतर मुलांकडून वहीत तीन रकाने भरून घ्यावेत: काय बदलले, काय दिसले, त्यावरून काय ठरले. ‘नादुरुस्त’ असा शेरा मारण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी ही वही अवश्य पाहावी.

मुलांना विचारावयाचे प्रश्न

(१) पडदा काळा असूनही संगणक चालू आहे, हे कसे ओळखाल?
(२) पांढऱ्या पडद्याऐवजी पिवळा पडदा दिसला, तर कोणत्या रंगाचा संकेत पोहोचत नसावा? का?
(३) सेफ मोडमध्ये चित्र नीट येते, एरवी येत नाही. कार्ड बदलावे काय? कारण सांगा.
(४) घरातील बंद पडलेल्या विजेरीचा दोष याच पद्धतीने शोधा व तीन रकान्यांत नोंद करा.