मोरपिसातील निळाई

डिचोली तालुक्यातील शेतांत उतरणारा मोर मुळगावच्या मुलांना नवा नाही. त्याचे गळून पडलेले पीस उजेडासमोर धरून आरपार पाहिले, तर निळाई मावळते व तपकिरी छटा उरते. ते कुटले तर हाती तपकिरी पूडच येईल. निळा रंग त्यात भरलेलाच नव्हता! कवितेतील मोर शिकविणाऱ्या आम्हांला हे वाचून प्रथम थोडे चुकचुकल्यासारखे झाले.

पिसाच्या सूक्ष्म तंतूंत मेलॅनिन या काळपट द्रव्याच्या काड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात, असे शांघायच्या शास्त्रज्ञांनी २००३ साली दाखविले. निळ्या भागात काड्यांतील अंतर सुमारे १४० नॅनोमीटर, हिरव्यात १५०. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा फरकाने रंग पालटतो, कारण विशिष्ट रंगाच्या प्रकाशाला जाळीत वाट मिळत नाही व तो परततो.

ज्याला आत शिरता येत नाही, त्याला आतून निसटताही येत नाही. जाळी रचून प्रकाश असा अडविण्याचा व कोंडण्याचा विचार १९८७ साली एली याब्लोनोविच आणि केरळात जन्मलेले सजीव जॉन यांनी स्वतंत्रपणे मांडला.

याहून नवल असे की, छिद्रांच्या जाळीच्या पातळ पापुद्र्यात बाहेरची वाट मोकळी असूनही काही प्रकाश अडकून राहतो. त्या एका दिशेच्या अवतीभवती निसटणाऱ्या प्रकाशाची कंपने भोवऱ्यासारखी वळलेली असतात. मध्यबिंदूशी कंपनाला कोणतीच दिशा ठरत नाही, म्हणून तेथून प्रकाश निघत नाही. डोक्यावरचा भोवरा कसाही विंचरला तरी पुसला जात नाही. तसेच येथे छिद्रे किंचित लहानमोठी केली, तर हा बिंदू फार तर थोडा सरकतो.