एकच मालिका धरून ठेवा

प्रश्न : जपानीची एन४ परीक्षा पास झाले आहे. मुलांच्या कथामालिका वाचून भाषा सुधारेल का?

उत्तर : नक्की सुधारेल, पण एकच मालिका धरून ठेवा. दरवेळी नवा लेखक घेतला की पात्रे, जागा, वाक्यांची ढब सारेच नवे, आणि सुरुवातीची पाने शब्दकोशातच संपतात. मालिकेत ही मेहनत मुख्यतः पहिल्या भागात होते. हिरोशिमा रेइको यांची २०१३ पासूनची ‘फुशिगी दागाशिया झेनितेंदो’ पाहा. जादूच्या खाऊचे दुकान, प्रत्येक कथेत नवे गिऱ्हाईक, त्याची अडचण, खाऊसोबतची सूचना आणि ती दुर्लक्षिली तर होणारी फजिती. हा साचा ओळखीचा झाला की पुढचे वाक्य अंदाजाने उलगडते. विकणे, निवडणे, पस्तावणे ही क्रियापदे घोकल्याशिवाय पक्की होतात. कांजीशेजारी फुरिगाना असल्याने उच्चार शोधण्यातही वेळ जात नाही.

मग त्याहून सोपी, बालवाडीची पुस्तके का नकोत? कारण ती सोपी नसतात. सगळा मजकूर हिरागानात असतो, त्यामुळे तुम्ही कष्टाने शिकलेल्या कांजीचा आधारच जातो. शिवाय पाठ्यपुस्तकात क्वचित भेटणारे ध्वन्यनुकारी शब्द पानोपानी येतात.

मालिकेतली भाषा ऑफिसात चालणार नाही, हा आक्षेप अर्धा खरा आहे. झेनितेंदोची मालकीण बेनिको वाक्याच्या शेवटी जुन्या धाटणीचे ‘दे गोझान्सु’ लावते. ते ओळखा, बोलू नका. आदरार्थी केइगो वेगळी शिकावी लागेलच. पण कर्मणी, प्रयोजक, संकेतार्थी रूपे इथली आणि कंपनीच्या ईमेलमधली एकच आहेत, आणि एन३ला बहुतेकांची दमछाक तिथेच होते.