उन्हाळ्यातली जाण

(घरी वाचनासाठी : १ राजे १७:७-१६, निर्गम १६, लूक १७:११-१९)



मे महिना लागला की आपल्या नवीन जालन्यात घरोघरी एकच धांदल असते. मुलांना सुट्ट्या, पाहुण्यांची ये-जा, लग्नपत्रिकांचा ढीग, गच्चीवर कुरडया-पापडांची वाळवणे, आणि संध्याकाळी पवित्र मरियेच्या महिन्यातली जपमाळ. या सगळ्या गडबडीच्या खाली, कोणी मोठ्याने न बोलता, एक हिशेबही चाललेला असतो. जूनमध्ये शाळेची फी, गणवेश, वह्या-पुस्तके. गावाकडे थोडी शेती असेल तर बी-बियाणे आणि खत. भाचीच्या लग्नातला आहेर. आणि या महिन्यात कारखान्यात पाळ्या किती मिळतील, याचा काही भरवसा नाही.

जुने लोक 'जालना सोने का पालना' म्हणत. पालना आजही हलतो आहे, पण त्याची दोरी ओढणाऱ्या हातांना ठाऊक आहे की सोने सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाही. लोखंडाची मागणी घटली की रोलिंग मिलमधल्या रोजंदारीच्या माणसाला आधी घरी बसावे लागते. मोंढ्यात आवक नसेल तर हमालाच्या पाठीला विश्रांती मिळते, पण चुलीलाही मिळते. ऊसतोडीहून परतलेल्या जोडप्यांची उचल फिटलेली असतेच असे नाही. सहा महिने कोयता चालवूनही काहींच्या नावावर बाकी उरते आणि तीच पुढच्या हंगामाला बांधून टाकते.

अशा दिवसांत कोणी 'देवाचे उपकार माना' असे म्हटले तर ते कानाला जड जाते. खरे सांगायचे तर कधीकधी रागही येतो. म्हणूनच या रविवारी आपण कृतज्ञता म्हणजे नेमके काय, याचा थोडा शांतपणे अभ्यास करू या.

आधी शब्दच पाहू. 'कृत' म्हणजे केलेले आणि 'ज्ञ' म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले हे ज्याला माहीत आहे, तो कृतज्ञ. आपल्या बोलीत तर याहून सोपा शब्द आहे : जाण. 'त्याला केल्याची जाण आहे' असे आपण म्हणतो. म्हणजे कृतज्ञता ही आपल्या भाषेत मुळात मनाची एखादी गोड अवस्था नाही, ती माहिती आहे. मन उदास असतानाही माणसाला जाण असू शकते. खिसा रिकामा असतानाही असू शकते. आणि याच्या उलट शब्द किती कठोर आहे पाहा : कृतघ्न, म्हणजे केलेल्याचा घात करणारा. जे कोणी केले ते 'झालेच नाही' असे वागणे हा आपल्या पूर्वजांना एक प्रकारचा घात वाटला.

आता संत लूकच्या शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोगी घ्या. प्रभू येशू त्यांना याजकांकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगतो आणि वाटेतच ते शुद्ध होतात. नऊ जण पुढे जातात, एक परत येतो, आणि तो शोमरोनी असतो. या नऊ जणांवर आपण फार पटकन टीका करतो. पण त्यांनी आज्ञा मोडली का? नाही. सांगितले होते तिकडेच ते गेले. आमच्या मते ते वाईट नव्हते, घाईत होते. किती दिवसांनी घर दिसणार होते! दहाव्या माणसाबद्दल लूक एक बारीक गोष्ट नोंदवतो : आपण बरे झालो आहोत हे त्याने पाहिले, आणि मग तो मागे फिरला. आधी पाहणे, मग फिरणे. उन्हाळ्याच्या धांदलीत आपले पाहणेच राहून जाते.

दुसरा पाठ सारफथच्या विधवेचा. तो तर जालन्याच्या माणसाला समजावून सांगायचीही गरज नाही. २०१२-१३ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेल : निजामाच्या काळापासून शहराची तहान भागवणारा घाणेवाडीचा तलाव तळाला गेला, टँकरच्या वाटेकडे डोळे लागले, आणि जिल्ह्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांनी वाळलेल्या मोसंबीच्या बागा स्वतःच्या हाताने तोडल्या. मोसंबीचे झाड फळावर यायला चार-पाच वर्षे जातात; त्यावर कुऱ्हाड चालवताना काय वाटले असेल! त्या उन्हाळ्यात पाहुण्याला तांब्याभर पाणी देतानाही हात क्षणभर थांबायचा. पुढे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेही आपण पाहिले.

अशाच अवर्षणात एलिया संदेष्टा सीदोन प्रांतातील सारफथ गावाच्या वेशीशी येतो. एक विधवा काटक्या वेचते आहे. तो आधी पाणी मागतो. दुष्काळात पाणी! ती काही न बोलता आणायला निघते. मग तो भाकरी मागतो, तेव्हा मात्र ती आपला खरा हिशेब सांगते : मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडे तेल, एवढे शिजवून मी आणि माझा मुलगा खाऊ, मग मरणाचीच वाट. ती काही लपवत नाही आणि खोटे हसतही नाही. देवाच्या माणसासमोर तिने तंगी बोलून दाखवली म्हणून तिला कोणी रागावले नाही, हे आपण लक्षात ठेवावे.

पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. पण नीट वाचा. मडके भरले असे तिथे लिहिलेले नाही. पीठ संपले नाही, एवढेच लिहिले आहे. म्हणजे रोज सकाळी त्या बाईने मडक्यात हात घातला तेव्हा तळाशी थोडेसेच असणार. कोठार भरल्याची निश्चिंती तिला एकही दिवस मिळाली नसावी. मिळाली ती त्या दिवसाची भाकरी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. आपल्यातील बहुतेक घरे अशीच चालतात. महिनाअखेरीस डबा भरलेला नसतो, पण मागे वळून पाहिले तर तो पुरलेला असतो. कसा पुरला, कोणी पुरवला, कोणी स्वतःच्या ताटातले कमी केले, हे जाणणे म्हणजे कृतज्ञता.

मान्नाचाही पाठ जवळचाच आहे. रानात इस्राएल लोकांना माणशी एक ओमर मिळे. जास्तीचे सकाळपर्यंत ठेवले की त्यात किडे पडत. यावरून कोणी बचत करू नये असा अर्थ काढू नये. सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला देवानेच सांगितले होते आणि ते नासले नाही. गरजेपुरते राखणे वेगळे, भीतीपोटी साठवणे वेगळे. आपल्या आया-बहिणी उन्हात बसून सांडगे, शेवया, कुरडया करतात, बचत गटात महिन्याचे पैसे भरतात, ते सहाव्या दिवसाचे शहाणपण आहे. याच अध्यायात लोक मिसरातल्या मांसाच्या भांड्यांची आठवण काढून कुरकुरतात. भांडी आठवली, पण तिथल्या विटा आणि मुकादमांचे फटके आठवले नाहीत! 'पूर्वी किती बरे होते' असे म्हणताना आपलेही असेच होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कृतज्ञतेचा उपदेश गरिबाला गप्प बसवण्यासाठी कधीही वापरला जाऊ नये. कामगाराची मजुरी हा उपकार नाही. परमगुरुस्वामी लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले, त्यात कामगाराला स्वतःचे पोट नीट भरता येईल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे हे न्यायाचे बंधन म्हणून सांगितले आहे. संत याकोबाच्या पत्रात तर अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच देवाकडे ओरडते. १ मे हा आपल्याकडे महाराष्ट्र दिन. १९८१ साली याच तारखेला आपला जालना जिल्हाही झाला. आणि १९५५ पासून ख्रिस्तसभेत तो कामगार संत योसेफाचा सण आहे. योसेफाच्या घरीही कामावरच चूल पेटत असे. तेव्हा ज्याचे पैसे अडले आहेत त्याने ते मागावेत, आणि आपल्यापैकी ज्यांच्या घरी भांडी-धुण्याला बाई येते त्यांनी तिचे पैसे सुट्टीत गावाला जाण्यापूर्वी द्यावेत. आपण गावाला गेलो म्हणून तिच्या घरचा खर्च थांबत नाही.

आता घरातल्या घरात. आपल्याकडे नवरा-बायकोने किंवा मुलांनी आईला 'धन्यवाद' म्हणण्याची रीत नाही. कोणी म्हटलेच तर समोरचा विचारतो, 'बरा आहेस ना?' आपली जाण दुसऱ्या शब्दांत बोलते : 'जेवलीस का?', 'तू बस, मी भरतो पाणी', उशिरा येणाऱ्यासाठी झाकून ठेवलेले ताट. ही आपली भाषा चांगलीच आहे. पण ती बहुतेक वेळा एकाच दिशेने वाहते. ताट झाकणारीला 'तू जेवलीस का' असे कोण विचारते? परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी १३ मे २०१५ च्या आपल्या प्रबोधनात कुटुंबासाठी तीन साधे शब्द सांगितले होते : परवानगी विचारण्याचा, आभाराचा आणि क्षमेचा. शब्द उच्चारायला लाज वाटत असेल तर कृतीने म्हणावेत, पण म्हणावेत.

तंगीच्या दिवसांत घराला सर्वांत जास्त पोखरते ते लपवलेले कर्ज. नवरा सावकाराकडून घेतो आणि बायकोला सांगत नाही. बायको भिशीतून उचलते आणि नवऱ्याला सांगत नाही. दोघेही एकमेकांना त्रास नको म्हणूनच लपवतात. हेतू प्रेमाचाच असतो. पण जे सांगितलेच नाही त्याची जाण समोरच्याला कशी असणार? तो मग साडीवरून, मोबाईलवरून, भाजीच्या भावावरून भांडतो. सारफथच्या विधवेने मडक्यातले पीठ मोजून सांगितले, तिथूनच तिच्या घरात पुढचे सारे घडले.

ज्या रात्री प्रभूला धरून देण्यात आले त्याच रात्री त्याने भाकर हाती घेऊन पित्याचे आभार मानले. 'युखारिस्त' या ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती. म्हणजे आपली मिस्सा सुखाच्या दिवशी जन्मलेली नाही. बाहेर संकट उभे असताना, ते माहीत असताना, मेजावर जे होते ते हातात घेऊन ती झाली. अर्पणाच्या वेळी आपण भाकर आणि द्राक्षारस वेदीवर नेतो, त्यासोबत या उन्हाळ्याची न फिटलेली बाकीही मनातून ठेवायला हरकत नाही.

या आठवड्यात एखाद्या संध्याकाळी जपमाळेनंतर अर्धा तास टीव्ही बंद ठेवून सगळ्यांनी एकत्र बसावे. घरातल्या एखाद्या मुलाने १ राजे १७ मोठ्याने वाचावे. मग प्रत्येकाने घरातल्या दुसऱ्या कोणीतरी केलेले एक काम सांगावे, ज्याकडे एरवी कोणाचे लक्ष जात नाही : पहाटे नळ आल्यावर कोण उठले, आजीच्या गोळ्या कोणी आणल्या, धाकट्याला दुपारभर कोणी सांभाळले. लहान मुले यात मोठ्यांपेक्षा जास्त पाहतात असा अनुभव येईल. मुले झोपल्यावर दोघांनी वही काढावी आणि देणे-घेणे, असेल तेवढे, एकमेकांना वाचून दाखवावे. एखाद्या घरी आकडा फारच मोठा निघाला आणि मार्ग सुचत नसेल, तर एकट्याने सावकाराचे दार गाठण्याआधी फादरांना भेटावे. बोललेले तिथेच राहते.

निर्गमाचा सोळावा अध्याय लांब आहे, तो दोन बैठकांत वाचला तरी चालेल.