चढावर पायडल निसटलं, आता काय?

प्रश्न : आजोबांची जुनी रॅले मी अजून वापरतो. परवा चढावर खटकन आवाज झाला आणि डावं पायडल सैल पडलं. आता ते दर फेऱ्याला थोडं मागे घसरतं. क्रँकच बदलावा लागेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बहुधा नाही. क्रँकला एक्सलशी धरून ठेवणारी कॉटर पिन झिजली किंवा दबली आहे. ती मऊ पोलादाची असते. आधी तिनं झिजावं, एक्सल वाचावा, म्हणूनच. मात्र आता सायकल हातात धरून न्या. तशीच रेटलीत तर क्रँकचं भोक मोठं होईल, आणि जुना क्रँक शोधणं फार अवघड.

नट सैल करून पिनच्या टोकाच्या पातळीला आणा, गंज सुटायचं तेल रात्रभर मुरू द्या. मग क्रँकखाली पोकळ जाड पाइप उभा टेकवा आणि एकच जोरदार घाव घाला. आधाराशिवाय ठोकत बसलात तर हादरा बॉलबेअरिंगला बसतो, कप फुटतात. हे मिस्त्रींनाही बजावून सांगा.

पिन ९ आणि ९.५ मिलिमीटर अशा जाडीत येतात, रॅलेला बहुधा ९.५. तरी जुनी सोबत नेऊन मापूनच घ्या. नव्या पिनची सपाट बाजू कानशीनं घासून एक्सलवर नीट बसवा. दोन्ही पिनांची तोंडं उलट दिशेला हवीत, नाहीतर पायडलं एका रेषेत येत नाहीत. पिन आधी ठोकून बसवा. नुसत्या नटानं ओढलीत तर आटे जातील. वीसेक किलोमीटर चालवल्यावर नट पुन्हा आवळा.